सूक्ष्म देह, कोश, चक्रं आणि लोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण उपनिषदं आणि ज्ञानेश्वरी वाचायला बसतो. वाचन तासाभरात आटोपतं, प्रश्न मात्र आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात, आणि बहुतेक वेळा तेच ते. पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिलाय, तो पाहा.

१. सूक्ष्म देह म्हणजे नेमकं काय? तोच आत्मा का?

नाही, आणि हा घोळ इथेच मिटवलेला बरा. वेदान्ताच्या हिशेबात सूक्ष्म देह सतरा गोष्टींचा बनतो: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. यातलं एकही आत्मा नाही. मन आणि बुद्धीसुद्धा वेदान्त जडातच धरतो. फरक इतकाच की ती बारीक जड आहेत आणि त्यांच्यात चैतन्याचं प्रतिबिंब पडतं. सांख्यांची यादी थोडी वेगळी आहे. त्यांच्या लिंगशरीरात (सूक्ष्म देहालाच ते असं म्हणतात) अठरा तत्त्वं येतात: बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं आणि पाच तन्मात्रं, म्हणजे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं.

उदाहरण घरचंच घ्या. तुम्ही अंथरुणात घोरताय आणि स्वप्नात ठाण्याची लोकल सुटतेय. तुम्ही धावता, दम लागतो, चप्पल तुटते. अंथरुणातले पाय हललेलेच नाहीत. मग धावलं कोण? जुन्या लोकांनी त्याला सूक्ष्म देह म्हटलं. आणि हे सगळं ज्याला दिसलं, तो त्याहून वेगळा.

२. कुणी पाच कोश सांगतं, कुणी तीन देह. खरं काय?

दोन्ही एकाच घराचे नकाशे आहेत. स्थूल देह म्हणजे अन्नमय कोश. सूक्ष्म देहात प्राणमय, मनोमय आणि विज्ञानमय असे तीन कोश येतात. ‘कारण’ देह, म्हणजे बाकीच्या दोघांचं बीज, तो आनंदमय.

पाचांचं मूळ तैत्तिरीय उपनिषदात आहे. गंमत अशी की तिथे या पाचांना ‘कोश’ म्हटलेलंच नाही. ‘याहून निराळा, याच्या आत असलेला आत्मा प्राणमय’ अशा भाषेत एकेक पायरी येते, आणि प्रत्येकाला पक्ष्याचा आकार दिलाय: डोकं, उजवा पंख, डावा पंख, धड आणि टेकायला शेपूट. या शेपटाचा विषय शेवटच्या प्रश्नात पुन्हा येईल. कोश हा शब्द नंतरच्या वेदान्त्यांनी रूढ केला. कोश म्हणजे म्यान.

कठोपनिषदातली उपमा मला याहून आवडते. मुंज गवताच्या पानांतून आतली काडी जशी धीराने ओढून काढतात, तसं आतल्या पुरुषाला शरीरातून वेगळं करावं, असं तिथे म्हटलंय. ज्यांनी खरंच असं गवत सोललंय त्यांना ‘धीराने’ हा शब्द कळेल. घाई केली की काडी मधेच तुटते. हे देह ग्रंथांनी मोजून दाखवले ते एकेक करून बाजूला सारण्यासाठी. हल्ली कोश ‘स्वच्छ’ करून देणाऱ्यांची पत्रकं येतात, तेव्हा मला हेच आठवतं. पानं सोलायची असतात, त्यांना इस्त्री कोण करतं?

३. संस्कृत पुस्तकात तीन देह, आमच्या गुरुचरणी मात्र चार शिकवले. चौथा महाकारण कुठून आला?

तो आपल्या मराठी परंपरेत घट्ट रुजलेला आहे. दासबोधाच्या सतराव्या दशकातला नववा समास ‘तनुचतुष्टय’ याच विषयाला वाहिलाय. स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण हे चार देह आणि त्यांच्या चार अवस्था: जागृती, स्वप्न, सुषुप्ती (गाढ झोप) आणि तुर्या (तिन्हींपलीकडची चौथी). समर्थ तिथे थांबत नाहीत. पिंडाचे चार तसे ब्रह्मांडाचेही चार देह ते धरतात: विराट, हिरण्यगर्भ, अव्याकृत आणि मूळप्रकृती. असे झाले आठ. आणि हे आठही निरसायचे.

जुन्या लोकांच्या तोंडी या देहांची मापंही असत: स्थूल साडेतीन हात, सूक्ष्म अंगठ्याएवढा, कारण अर्ध्या पेराएवढा, महाकारण मसुराएवढा. आत आत जावं तसा देह लहान होत जातो. फूटपट्टी घेऊन बसायचं हे माप नव्हे.

अंगठ्याएवढा पुरुष तुम्ही वटपौर्णिमेच्या कथेत ऐकलेला असतो. महाभारताच्या वनपर्वात यम सत्यवानाच्या शरीरातून ‘अंगुष्ठमात्र’ पुरुष पाशाने ओढून काढतो आणि दक्षिणेला चालू लागतो. सावित्री त्याच्यामागून जाते.

जाता जाता: तनुचतुष्टयाच्या लगेच पुढचा समास ‘टोणपसिद्धलक्षण’, म्हणजे कळत काहीच नाही पण सिद्ध म्हणवतो अशा माणसाची लक्षणं. समर्थांना वाचक ठाऊक होते.

४. मुलीच्या बालवाडीच्या पत्रकात ‘पंचकोश विकास’ लिहिलंय. मुलांना योगसाधना लावणार आहेत का?

नाही, घाबरू नका. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयाच्या मुलांच्या वाढीसाठी ही चौकट वापरली आहे. शरीर, प्राणशक्ती, भावना व मन, बुद्धी आणि आनंद अशा पाच अंगांनी वाढ, एवढाच अर्थ. उपनिषदात कोश ओलांडायचे आहेत, शाळेत ते फुलवायचे आहेत. शब्द तोच, काम उलटं. चार वर्षांच्या मुलीने ओलांडण्याआधी फुलावं हेच योग्य.

५. चक्रं नक्की किती? सहा, सात की नऊ?

ग्रंथ कुठला यावर ठरतं. आज भिंतीवरच्या चित्रात दिसते ती मांडणी मुख्यतः पूर्णानंद या बंगाली तांत्रिकाच्या ‘षट्चक्रनिरूपणा’तून आली. हा ग्रंथ १५७७ चा. मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध आणि आज्ञा ही सहा चक्रं. वरचं सहस्रार हे चक्रांच्या पलीकडलं स्थान, म्हणून नाव ‘षट्’चक्र. सातवं मोजायची सवय नंतरची. नाथांच्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ चक्रं आहेत. बौद्ध तंत्रात चारच (प्रश्न १७). पतंजलीच्या योगसूत्रांत तर ही रचनाच नाही. एका सूत्रात नाभिचक्राचा उल्लेख येतो, तोही शरीराची रचना कळण्यासाठी.

‘मग खरी किती?’ असा पुढचा प्रश्न येतोच. चक्र हे ध्यानाचं ठिकाण आहे, आणि गुरूने जितकी ठिकाणं दिली तितकी चक्रं. सहांच्या मांडणीतल्या पाकळ्या मोजून पाहा: ४, ६, १०, १२, १६ आणि २. बेरीज ५०. संस्कृत वर्णमालेची अक्षरं तेवढीच धरली आहेत आणि प्रत्येक पाकळीवर एकेक अक्षर बसवलंय. म्हणजे शरीरावर अख्खी बाराखडी मांडायची, आणि कुंडलिनी (मूलाधारात निजलेली मानतात ती शक्ती) वर जाईल तसतशी ती पुसत न्यायची. ही बांधणी कळली की संख्येचा वाद आपोआप थंडावतो.

६. मूलाधार लाल, स्वाधिष्ठान केशरी... हे इंद्रधनुष्यी रंग शास्त्रात आहेत का?

नाहीत. ते विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य पुस्तकांतून आले आणि १९७० नंतर पक्के झाले. पूर्णानंदांकडे मणिपुराच्या दहा पाकळ्या पाण्याने भरलेल्या ढगासारख्या सावळ्या आहेत, अनाहताच्या बंधूक फुलासारख्या तांबड्या आणि आज्ञेच्या दोन शुभ्र. रंग पाकळीचा वेगळा, आतल्या तत्त्वाचा वेगळा. मूलाधाराच्या पाकळ्या लाल, पण आत पृथ्वीचा चौकोन पिवळा. सोशल मीडियावरचं चित्र आणि ग्रंथ शेजारी ठेवून पाहिलंत तर जुळेल असं फार थोडं सापडेल.

७. बहात्तर हजार नाड्या कोणी मोजल्या?

मोजल्या नाहीत, मांडल्या. नाड्या म्हणजे प्राण वाहण्याच्या सूक्ष्म वाटा. बृहदारण्यक उपनिषदात हृदयापासून पसरणाऱ्या बहात्तर हजार ‘हिता’ नाड्या येतात. झोपेत माणूस त्यांच्यातून सरकून आत विसावतो. कठ आणि छांदोग्यात हृदयाच्या एकशे एक नाड्या आहेत, त्यांपैकी एक डोक्याकडे जाते आणि तिच्यातून वर गेलेला अमृतत्व मिळवतो. पुढे जिला सुषुम्ना म्हटलं तिचं बीज इथे दिसतं. प्रश्नोपनिषद तर सरळ गुणाकारच घालतं. एकशे एक मुख्य, प्रत्येकीला शंभर फाटे, प्रत्येक फाट्याला बहात्तर हजार फांद्या. आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली: ७२ कोटी ७२ लाख १० हजार २०१. शिवसंहितेत साडेतीन लाखच आहेत. साधकाला यातल्या तीनच लागतात: डावी इडा, उजवी पिंगला आणि मधली सुषुम्ना.

८. शरीर फाडून पाहिलं तर चक्रं दिसतात का?

हा प्रयोग झालाय. तोही डॉक्टरने केला नाही, एका संन्याशाने केला.

दयानंद सरस्वती तरुणपणी गंगेच्या काठाने भटकत होते. जवळ हठयोगाचे ग्रंथ होते. नाडीचक्रांची त्यातली लांबलचक वर्णनं त्यांना पटत नव्हती, पण खोटी म्हणायलाही आधार नव्हता. गढमुक्तेश्वरजवळ एक दिवस नदीतून प्रेत वाहत येताना दिसलं. ते पाण्यात उतरले, प्रेत काठाला ओढलं आणि चाकूने कापलं. हृदय बाहेर काढून पाहिलं, मग डोकं, मान. शेजारी ग्रंथ उघडा. वर्णन जुळेना, तेव्हा त्यांनी ग्रंथ फाडले आणि प्रेताबरोबर गंगेत सोडून दिले. हे त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात सांगितलंय, आणि ते छापलं ‘थिऑसॉफिस्ट’ने, जे मासिक तेव्हा मुंबईतून निघत होतं (प्रश्न १२). आर्य समाजही त्यांनी मुंबईतच स्थापला, १८७५ साली.

मला हा माणूस फार आवडतो. शंका आली तर पाण्यात उतरायचं, हे किती जणांना जमतं? पण त्यांचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. ग्रंथ जर ‘इथे मांसाचं कमळ आहे’ म्हणत असेल तर तो खोटा ठरला, यात वाद नाही. मात्र तंत्रग्रंथांतले ते श्लोक बहुतांश ध्यानाचे आहेत: इथे असं कमळ पाहा, त्यात हे अक्षर ठेव, इथे ही देवता बसव. मारुतीच्या ध्यानश्लोकातलं सोनेरी अंग शोधायला कोणी माकड कापत नाही.

उलट टोकही आपल्याकडेच झालं. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नाडी (मेंदूतून छाती-पोटाकडे जाणारी मज्जातंतूंची जुडी), असं मांडणारं पुस्तक काढलं. तेव्हापासून चक्रांना ग्रंथींशी आणि मज्जाजालांशी जोडणारे तक्ते थांबलेले नाहीत. एका तक्त्याचं दुसऱ्याशी पटत नाही, एवढ्यावरूनच काय ते समजावं. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून वेगळी वाट धरली. आसन-प्राणायामात शरीरात काय होतं ते यंत्रांनी मोजायचं आणि तेवढंच सांगायचं. मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

९. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीची कृती दिलीय. वाचून करून पाहू का?

करू नका. वाचा मात्र जरूर, मोठ्याने वाचा.

कुंकवात न्हालेलं नागाचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय, तशी ती ‘मोटकी औट वळणी’, म्हणजे जेमतेम साडेतीन वेढ्यांची. (औट म्हणजे साडेतीन. आजीच्या पिढीला औटकी पाठ असायची.) ती उठते तेव्हा उपाशी असते. जिथे मांस मिळेल तिथे घास घेते, तळहात-तळपाय सोडत नाही. सगळं खाऊन झाल्यावर ती शांत होते आणि शरीर नवं होतं. १२९० साली नेवाशात सांगितलेल्या या ओव्यांमध्ये शरीराच्या आतली हालचाल जशी उभी राहते तशी मराठीत नंतर क्वचितच राहिली असेल.

पण ती कृती नाही, खूण आहे. ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु’ असं ज्ञानदेव स्वतःच म्हणतात. संकेत म्हणजे आतल्यांना कळणारी खूण. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती या परंपरेत जे तोंडी मिळालं त्याची ती आठवण. पाककृतीचं पुस्तक समजून गॅस पेटवायला जाऊ नये.

१०. ज्ञानदेवांनीच एवढं लिहिलं, मग वारकरी कुंडलिनीचं नाव का घेत नाहीत?

कारण ज्ञानदेवांनीच दुसरा रस्ता जास्त जवळचा सांगितला. बाराव्या अध्यायात योगाच्या खडतर वाटेचं वर्णन करून ते भक्तीकडे वळतात, आणि हरिपाठात तर ‘योग याग विधी येणें नोहे सिद्धी’ हे रोज म्हटलं जातं. माझी आजी हरिपाठ म्हणायची. तिला कोश पाच की सात हे माहीत नव्हतं आणि काही अडलंही नाही.

११. भूः भुवः स्वः हे लोक आकाशात आहेत का? कुठल्या उंचीवर?

ज्यांनी संध्या केली आहे त्यांच्या जिभेवर ते रोज असतात: भूः, भुवः, स्वः, महः, जनः, तपः, सत्यम्. प्राणायाम करताना एका श्वासात सातही लोक. पुराणांनी खाली अतल-वितलापासून पाताळापर्यंत सात जोडले आणि चौदा भुवनं झाली.

पुराणात त्यांना योजनांची अंतरं आहेत, हे लपवायचं कारण नाही. पतंजलीच्या ‘सूर्यावर संयम (म्हणजे पूर्ण एकाग्रता) केला की भुवनांचं ज्ञान होतं’ या सूत्रावर व्यासभाष्यात मेरूपासून ध्रुवापर्यंत आणि पुढे सत्यलोकापर्यंत लांबच लांब वर्णन आहे. अंतराळयानातून ते दिसणार नाही.

तैत्तिरीयात लोकांची शिडी वेगळ्याच मापाने मोजली आहे, आनंदाच्या. तरुण, निरोगी, बळकट, शिकलेला माणूस घ्या आणि त्याला धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी द्या. हा एक मानुष आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, मग पितर, देवांचे तीन वर्ग, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि ब्रह्मा. दहा पायऱ्या, दर पायरीला शंभरपट. म्हणजे एकावर वीस शून्यं. पण मानुष आनंदानंतर येणाऱ्या प्रत्येक पायरीवर तेच पालुपद: ‘श्रोत्रियस्य चाकामहतस्य’. ज्याला कामनेने झोडपलेलं नाही अशा जाणत्याला तो आनंद इथे बसल्याजागी आहे. मग लोक वर आहेत की आत, हा प्रश्न उरतो का ते तुम्हीच पाहा.

१२. अ‍ॅस्ट्रल बॉडी म्हणजेच आपला सूक्ष्म देह ना?

सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी आहे.

थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येच्या अभ्यासकांची संस्था १८७५ मध्ये न्यूयॉर्कला निघाली. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘थिऑसॉफिस्ट’ सुरू केलं आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला गेले. त्यांनी माणसाचे सात घटक सांगितले: स्थूल शरीर, प्राण, लिंगशरीर, कामरूप, मनस्, बुद्धी, आत्मा. शब्द सगळे आपले, पण अर्थ? वेदान्तातलं लिंगशरीर म्हणजे मरणानंतर पुढे जाणारा सूक्ष्म देह. यांचं लिंगशरीर म्हणजे स्थूल देहाची छायाप्रत, जी देहाबरोबरच विरते. अगदी उलट. पुढे सोसायटीतल्याच अ‍ॅनी बेझंट आणि लेडबीटर यांनी त्या छायाप्रतीला ‘इथरिक’ नाव दिलं आणि ‘अ‍ॅस्ट्रल’ हे नाव वासनांच्या देहाला लावलं. शिवाय विश्वाच्या सात पातळ्या, प्रत्येकीच्या सात उपपातळ्या, एकूण ४९.

तेव्हाही हे सगळ्यांना रुचलं नव्हतं. सोसायटीतलेच विद्वान टी. सुब्बा राव यांना तीन उपाधी (आत्म्यावरची आवरणं) आणि आत्मा हीच मांडणी बरोबर वाटत होती. आज यूट्यूबवर ‘प्राचीन भारतीय सात शरीरं’ म्हणून जे ऐकू येतं ते बरंचसं अड्यारमार्गे आलेलं असतं. त्यात पाप नाही, पण पत्ता बरोबर सांगावा.

१३. योगी अरविंदांच्या पातळ्या याच का?

नाहीत. जड, प्राण, मन ही खालची नावं तैत्तिरीयाशी जुळतात. मनाच्या वरची अधिमानस आणि अतिमानस ही त्यांची स्वतःची मांडणी. त्यांना पहिला मोठा अनुभव १९०८ च्या आरंभी बडोद्यात, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर तीन दिवस बसल्यावर आला: मन पूर्ण शांत होण्याचा. त्यात पातळ्यांची यादी कुठेच नव्हती.

१४. प्रदर्शनात ऑराचा, म्हणजे शरीराभोवतीच्या तेजोवलयाचा, फोटो काढून मिळाला. माझा हिरवा आला. काय समजू?

तळहात किती ओला होता ते समजा. अशा यंत्रात हात धातूच्या पट्टीवर ठेवायला लावतात. त्वचेतून वीज किती वाहते ते मोजून रंग चेहऱ्याभोवती छापतात. मी एकदा गंमत म्हणून दोनदा काढला. एकदा कोरड्या हाताने, एकदा उसाचा रस पिऊन हात नीट न पुसता. अर्ध्या तासात माझी आध्यात्मिक प्रगती निळ्यावरून पिवळ्यावर आली. पैसे दोन्ही वेळा गेले.

किर्लियन फोटोही असाच. रशियातल्या सेम्यॉन किर्लियन यांना १९३९ मध्ये दिसलेली ती प्रभा उच्च दाबाच्या विजेची ठिणगी आहे, ओलाव्यानुसार बदलणारी. आणि हाताला ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्यांची परीक्षा एमिली रोझा या शाळकरी मुलीने घेतली. मधे पडदा ठेवायचा आणि आपला हात त्यांच्या कुठल्या हाताजवळ आहे ते ओळखायला सांगायचं. २१ उपचारक, २८० वेळा, बरोबर उत्तरं ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तर जास्त आली असती. हा निबंध १९९८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला.

१५. पहाटे शरीराबाहेर आल्यासारखं झालं, छतावरून स्वतःला पाहिलं. सूक्ष्म देह बाहेर पडला का?

अनुभव खरा. अर्थ लावायची घाई नको. झोप आणि जाग यांच्या सीमेवर शरीर लुळं असतं आणि मन जागं. तेव्हा छातीवर कोणी बसल्यासारखं, तरंगल्यासारखं पुष्कळांना होतं. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या पथकाने एका अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूत उजवीकडे एका जागी विजेचा हलका प्रवाह दिला, तेव्हा तिला स्वतःचं अंग वरून दिसलं. प्रवाह बदलला की अनुभव बदले.

योगमार्ग तरी याला फार किंमत देतो का? दुसऱ्याच्या शरीरात शिरण्यापर्यंतच्या सिद्धी पतंजली देतो आणि त्याच पादात त्या समाधीला विघ्न आहेत असंही सांगतो. छतावरून पाहणारा आणि अंथरुणातून पाहणारा, दोघांना ‘मी’ म्हणणारा कोण, हा प्रश्न तुम्हाला प्रश्न १ कडे परत नेईल. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम, हा फॉरवर्ड मात्र पुढे पाठवू नका. अमेरिकेतल्या मॅकडूगल या डॉक्टरने सहा मरणासन्न रुग्ण तराजूवर ठेवले आणि १९०७ मध्ये ते छापलं, त्यातल्या एकाचा तो आकडा. बाकीच्यांचे जुळले नाहीत. आणि वेदान्तात सूक्ष्म देह पंचीकरण न झालेल्या, म्हणजे एकमेकांत मिसळून स्थूल न झालेल्या, पंचमहाभूतांचा असतो. त्याला वजन असेल तर तो स्थूलच की.

१६. दहाव्याला पिंड का देतात? सूक्ष्म देह तर आधीपासून असतोच ना?

चांगला प्रश्न, आणि इथे दोन परंपरा शेजारी उभ्या आहेत. वेदान्तात सूक्ष्म देह मरणाने तुटत नाही, तोच पुढे जातो. गरुडपुराणाच्या हिशेबात मात्र गेलेल्याला वाटचालीसाठी नवा देह लागतो आणि तो घरच्यांनी घडवायचा: रोज एक पिंड, पहिल्या दिवशी डोकं, पुढे मान-खांदे, असं करत दहाव्याला भूक आणि तहान. भूक आली म्हणून मग भाताचा पिंड आणि कावळ्याची वाट.

वडिलांच्या वेळी घाटावर आम्ही दीड तास थांबलो होतो. कावळा समोरच्या पिंपळावर बसून होता. शेवटी धाकट्या भावाने आईला सांभाळीन असं मोठ्याने म्हटलं आणि तो उतरला. पुण्याहून आलेल्या चुलतभावाच्या मते भावाने पिंडाजवळून दोन पावलं मागे घेतली म्हणून उतरला. दोन्ही झालं होतं.

१७. बौद्ध आत्माच मानत नाहीत, मग त्यांच्याकडे चक्रं कशी?

चक्राला आत्मा लागतो हे गृहीतच चुकीचं. हेवज्रतंत्रात चार चक्रं आहेत: नाभीत निर्माणचक्र ६४ पाकळ्यांचं, हृदयात धर्मचक्र ८, कंठात संभोगचक्र १६ आणि मस्तकात महासुखचक्र ३२. यातल्या तीन नावांत बुद्धाचे तीन ‘काय’, म्हणजे तीन देह, आहेत. शरीर तेच, मांडणी आपल्या सिद्धान्ताप्रमाणे. प्रश्न ५ मधली बाराखडी आठवा.

१८. प्राणायाम सुरू केल्यापासून मुंग्या येतात, झोप उडाली, आवाज ऐकू येतात. कुंडलिनी जागी झाली का?

आधी सराव थांबवा, मग डॉक्टर. जोरजोरात भस्त्रिका केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि हातातोंडाला मुंग्या येतात. बी १२ कमी असलं तरी येतात. रात्र रात्र झोप नसणं, आवाज येणं, ‘मला खास काम दिलंय’ असं वाटणं ही मानसोपचारतज्ज्ञाने पाहायची लक्षणं आहेत. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे. चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, सांगणारा कितीही मोठा असला तरी. कुंडलिनी असलीच तर ती आठ दिवस थांबेल.

१९. गाढ झोपेत मनही नसतं. मग सकाळी ‘छान झोप लागली’ हे कोण सांगतं?

वेदान्त्यांचा हा लाडका पुरावा. गाढ झोपेत सूक्ष्म देह कारणात लीन होतो, बी जमिनीत गेल्यासारखा. ‘काहीच कळलं नाही, सुखाने झोपलो’ या एका वाक्यात दोन आठवणी आहेत: अज्ञानाची आणि सुखाची. आठवण आहे म्हणजे अनुभव होता, आणि अनुभव होता म्हणजे साक्षी होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तार्किक, म्हणतात, ही आठवण नव्हेच. अंग हलकं वाटतं त्यावरून उठल्यावर काढलेलं अनुमान आहे. मला दर सोमवारी सकाळी नैयायिकांचं पटतं.

२०. आनंदमय सगळ्यात आत आहे. मग आनंदमय हेच ब्रह्म का?

यावर आचार्यांमध्येच मतभेद आहे. ब्रह्मसूत्रांत ‘आनंदमयोऽभ्यासात्’ असं सूत्र आहे. सरळ वाचलं तर आनंदमय म्हणजे ब्रह्म, आणि रामानुज तसंच घेतात: ‘मय’ म्हणजे भरपूर, आनंदाने ओतप्रोत. शंकराचार्य आधी हा अर्थ देतात आणि मग तो मोडून काढतात. अन्नमय, प्राणमय, मनोमय या रांगेत ‘मय’चा अर्थ ‘विकार’ (त्यापासून बनलेलं) असताना पाचव्यालाच तो कसा बदलेल? शिवाय आनंदमयालाही पक्ष्याचे अवयव आहेत. प्रिय हे डोकं, मोद उजवा पंख, प्रमोद डावा, आनंद हे धड, आणि ‘ब्रह्म पुच्छं प्रतिष्ठा’. ब्रह्म इथे शेपूट आहे, ज्यावर पक्षी टेकतो ते. म्हणजे पाचवाही कोशच.

आमच्या गुरुवारी यावर दोन तट पडले आहेत. बँकवाले काका रामानुजांकडे, मी शंकराचार्यांकडे, आणि चहा आणणाऱ्या काकूंचं म्हणणं असं की पक्षी उडाला की शेपूट कशावर टेकतं ते आधी सांगा.